परवानगीबाहेरची गीतमाला

बुधवार, ३ डिसेंबर १९५२. त्या दिवशी रेडिओ सिलोनच्या हिंदी विभागावरून अर्ध्या तासाचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात सात गाणी वाजवली गेली, कोणताही क्रमांक न देता. श्रोत्यांनी ती लोकप्रियतेनुसार क्रमाने लावायची आणि पत्राने कळवायची. क्रम बरोबर आला तर शंभर रुपयांचे बक्षीस. पुरस्कर्ते होते बिनाका टूथपेस्टवाले, निवेदक होते अमीन सायानी आणि कार्यक्रमाचे नाव होते ‘बिनाका गीतमाला’. सायानी यांना तेव्हा विसावे वर्षही पुरे झाले नव्हते. लेखन, निर्मिती, निवेदन आणि पत्रांची छाननी या सगळ्या कामाचे त्यांना आठवड्याला पंचवीस रुपये मिळत. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला ६५,००० पर्यंत गेला, असे ते पुढे अनेकदा सांगत.

गीतमालेच्या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या आहेत. मात्र दोन गोष्टींचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. एक म्हणजे या कार्यक्रमाचा साचा बाहेरून आलेला होता. आणि दुसरी म्हणजे भारताच्या नभोवाणी खात्याला नको असलेले संगीत तो भारतातल्याच श्रोत्यांना ऐकवत होता, तेही परदेशी केंद्रावरून.

आधी साच्याविषयी. लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी लावून ती दर आठवड्याला नभोवाणीवर ऐकवण्याची प्रथा अमेरिकेत रुजली. २० एप्रिल १९३५ रोजी तेथे ‘युवर हिट परेड’ सुरू झाला. त्याचा खर्च एक सिगारेट कंपनी करी. मूळ ध्वनिमुद्रिका त्यात वाजत नसत. कार्यक्रमाचाच वाद्यवृंद आणि गायक ती गाणी सादर करत. क्रमवारी नेमकी कशी ठरते, हे मात्र कधीच पूर्णपणे उघड केले गेले नाही. पुढे १९४८ साली रेडिओ लक्झेंबर्गने इंग्लंडमधल्या श्रोत्यांसाठी ‘टॉप ट्वेंटी’ सुरू केला. तेव्हा क्रमवारीचा आधार होता गाण्यांच्या छापील स्वरलिप्यांची विक्री. इंग्लंडमध्ये नभोवाणीची मक्तेदारी बीबीसीकडे होती आणि बीबीसीवर जाहिराती चालत नसत. म्हणून शेजारच्या चिमुकल्या देशातून इंग्रज श्रोत्यांसाठी इंग्रजी गाणी आणि जाहिराती प्रसारित होत. आपल्या देशात जे मिळत नाही ते सीमेपलीकडून ऐकण्याची सवय अशी तिकडेही होती.

आपल्याकडे लक्झेंबर्गची जागा सिलोनने घेतली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशियातील सैन्यासाठी सिलोनमध्ये लघुलहरींचे शक्तिशाली प्रक्षेपक उभारले गेले होते. युद्ध संपल्यावर ते सिलोन सरकारच्या हाती आले आणि १९५० साली रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू झाली. रात्रीच्या वेळी लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात. त्यामुळे कोलंबोचा आवाज विदर्भातल्या गावात जवळच्या केंद्राइतका स्पष्ट लागे. मधूनच तो लाटेसारखा दूर जाई आणि परत येई. पंचवीस आणि एकेचाळीस मीटर हे आकडे त्या पिढीला पाढ्यांसारखे पाठ होते.

या केंद्रावर इंग्रजीत ‘बिनाका हिट परेड’ चाले. ग्रेग रोस्कोव्स्की तो सादर करत. त्याच धर्तीवर हिंदी गाण्यांचा कार्यक्रम असावा, असे पुरस्कर्त्यांना वाटले आणि त्यातून गीतमाला जन्मली. हा कार्यक्रम तयार होई मुंबईत, सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारातल्या ध्वनिमुद्रण कक्षात. तेथून ध्वनिफीत विमानाने कोलंबोला जाई आणि कोलंबोहून लघुलहरींवर स्वार होऊन पुन्हा मुंबईत, पुण्यात, नागपुरात परते. मुंबईचे गाणे मुंबईकराने ऐकावे म्हणून त्याला समुद्रापार जाऊन यावे लागत होते.

असे का घडले, याचे उत्तर दिल्लीत होते. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. केसकर मूळचे पुण्याचे. पॅरिसमध्ये उच्च शिक्षण घेतलेले आणि शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांनी चित्रपटगीतांवर बंदी घातली, असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात घडले ते थोडे वेगळे. चित्रपटगीतांचा वाटा कमी करावा, ती निवडून घ्यावीत आणि वाजवताना चित्रपटाचे नाव सांगू नये, कारण तशाने चित्रपटाची फुकट जाहिरात होते, असे नभोवाणीचे धोरण ठरले. निर्मात्यांना हे मान्य होण्यासारखे नव्हते. त्यांनी गाणी वाजवण्याची दिलेली परवानगी काढून घेतली. काही महिन्यांतच ऑल इंडिया रेडिओवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे हा दोन्ही बाजूंच्या हट्टाचा परिणाम होता आणि भुर्दंड पडला तो श्रोत्याला.

गीतमाला सुरू झाली ती याच वर्षाच्या अखेरीस. कोलंबोच्या कायद्याने ती पूर्ण अधिकृत होती. दिल्लीच्या दृष्टीने मात्र तो धोरणाला वळसा होता. त्या काळी घरात रेडिओ ठेवायचा तर टपाल कचेरीत वार्षिक शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. सरकारी परवान्याच्या रेडिओवर सरकारला न रुचणारी गाणी ऐकायची आणि सरकारी टपालानेच पसंतीचे पत्र धाडायचे, असा तो व्यवहार होता. त्यात बेकायदा काहीच नव्हते. दहा घरांत चौकशी केली तेव्हा नऊ घरी सिलोन लागलेले होते आणि दहाव्या घरचा रेडिओ बिघडलेला होता, अशी एक गंमत त्या दिवसांत सांगितली जाई.

पत्रांचा ढीग आवरेना तेव्हा बक्षिसाची स्पर्धा मागे पडली आणि वर्ष-दोन वर्षांतच गीतमालेने क्रमवारीचे रूप घेतले. वेळ एक तासाची झाली. दर बुधवारी रात्री ८ ते ९. क्रमांकाला ‘पायदान’ हा शब्द आला, अव्वल गाणे ‘सरताज’ ठरू लागले. परक्या साच्यात आपला ऐवज भरला गेला तो इथे. अमेरिकी कार्यक्रमाने हिशेब झाकून ठेवला होता, लक्झेंबर्गने दुकानातली विक्री मोजली. गीतमालेने दुकानदारांच्या माहितीबरोबर श्रोत्यांची मते मोजली. गावोगावी श्रोता संघ निघाले. चार मित्र जमत, यादी करत, सह्या करत आणि पत्र मुंबईला पाठवत.

भाषेचेही तसेच. सायानी यांच्या आई कुलसुम सायानी प्रौढशिक्षणाचे काम करत. ‘रहबर’ नावाचे त्यांचे पाक्षिक सोप्या हिंदुस्थानीत निघे आणि देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत छापले जाई. त्या कामात लहानपणी हातभार लावता लावता सायानी यांची भाषा घडली. ऑल इंडिया रेडिओची हिंदी त्या काळी संस्कृतप्रचुर होत चालली होती. अशा वेळी ‘बहनों और भाइयों’ म्हणून बहिणींना आधी साद घालणारा हा मोकळा आवाज मराठी, गुजराती, तमिळ घरांतही परका वाटला नाही.

मोजणी आली की मोजणीतली लबाडीही येते. आपले गाणे वर चढावे म्हणून आपल्याच ध्वनिमुद्रिका विकत घ्यायच्या, पत्रे लिहवून घ्यायची, असे प्रकार होत. म्हणून एका आधारावर विसंबून न राहता विक्री आणि श्रोता संघांची मते एकमेकांशी ताडून पाहिली जात. तरीही ही यादी म्हणजे सगळ्या देशाची आवड होती, असे म्हणता येणार नाही. ज्याच्या घरी रेडिओ नाही, ज्याला पत्र लिहिता येत नाही, त्याचे मत तिच्यात उमटत नव्हते. आणि मराठी गाण्याला त्या पायऱ्यांवर जागाच नव्हती. यादी हिंदी चित्रपटांची होती.

मराठी गाण्याला त्याच काळात जागा मिळाली ती मात्र सरकारी नभोवाणीवर, हे विसरता कामा नये. चित्रपटगीतांना पर्याय म्हणून केसकरांच्या काळात सुगम संगीताला उत्तेजन दिले गेले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ पासून तेथून ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. वर्षभर, दर आठवड्याला एक नवे गीत, एकूण छप्पन्न. बुधवारच्या रात्रीची वाट पाहणारी मराठी घरे या गीताचीही तितक्याच ओढीने वाट पाहत. गदिमा आणि बाबूजी दोघेही चित्रपटसृष्टीत मुरलेले होते. दाराबाहेर ठेवलेल्या चित्रपटसंगीताचेच उत्तम कारागीर दुसऱ्या दाराने आत आले आणि त्यांनी नभोवाणीची लाज राखली. म्हणून केसकरांना केवळ अरसिक ठरवून हा इतिहास संपत नाही. लोकांनी काय ऐकावे, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. लोकांना काय ऐकायचे आहे, हे विचारायचे मात्र राहून गेले आणि ते काम एका टूथपेस्टच्या कार्यक्रमाने केले.

परवानगीबाहेरचा कार्यक्रम लोकप्रिय झाला म्हणजे सरकारे काय करतात, हे ताडून पाहण्यासारखे आहे. हॉलंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून रेडिओ व्हेरोनिका नावाचे विनापरवाना केंद्र चाले. २ जानेवारी १९६५ रोजी त्याने अमेरिकी धर्तीवर आपली ‘टॉप ४०’ यादी सुरू केली. डच सरकारने कायदा करून १९७४ च्या ऑगस्टअखेर ते केंद्र बंद पाडले. यादी मात्र मेली नाही, ती अधिकृत केंद्रावर गेली. इंग्लंडने १९६७ च्या ऑगस्टमध्ये जहाजांवरची केंद्रे कायद्याच्या कक्षेत आणली आणि पुढच्याच महिन्यात बीबीसीने ‘रेडिओ वन’ सुरू केले. त्याचे बरेचसे निवेदक त्या जहाजांवरूनच आलेले होते.

भारताला कोलंबोवर कायदा चालवता येत नव्हता. मग उरला तो स्पर्धेचा मार्ग. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, केसकर मंत्री असतानाच. चित्रपटगीते सरकारी नभोवाणीवर परत आली. जाहिरातींना मात्र आणखी दहा वर्षे थांबावे लागले. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर व्यापारी प्रसारण सुरू झाले. देशातली ही पहिली केंद्रे महाराष्ट्रातली होती. ज्या दोन गोष्टींसाठी श्रोता सिलोनकडे वळला, त्यातले चित्रपटसंगीत आणि त्याचा खर्च उचलणारा जाहिरातदार, दोन्ही आता घरच्या केंद्रावर मिळू लागले. तरीही गीतमाला सिलोनवर आणखी वीस वर्षे टिकली. गाणी कुठेही ऐकायला मिळत होती. आपण पाठवलेल्या मताचे काय झाले, हे मात्र बुधवारीच कळत होते.

१९८९ मध्ये हा कार्यक्रम विविध भारतीवर आला. ज्या यंत्रणेच्या धोरणाला वळसा घालून तो जन्मला, तिनेच त्याला घरात घेतले. पण तोवर दूरदर्शनवर ‘चित्रहार’ होता, घरोघरी कॅसेट होत्या आणि रेडिओभोवतीची गर्दी पांगली होती. १९९४ मध्ये तो थांबला. पुढे थोडा काळ नव्या नावाने पुन्हा झाला. अमीन सायानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत निवर्तले.

आज गाणे किती वेळा ऐकले गेले, हे यंत्र आपोआप मोजते. कोणी पत्र लिहीत नाही, कोणी सह्या गोळा करत नाही. मोजणी पूर्वीपेक्षा अफाट झाली आहे, पण ती कोण करतो आणि कशी, हे ऐकणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. त्या बाबतीत आपण पुन्हा १९३५ च्या त्या सिगारेट कंपनीच्या कार्यक्रमापाशी आलो आहोत. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या एखाद्या श्रोता संघाच्या चिटणिसाला मात्र आपण कोणते गाणे सुचवले, कोणी सही केली आणि ते कितव्या पायदानावर आले, हे नेमके माहीत असे. परवानगी कोणाचीही असो वा नसो, त्या कार्यक्रमाला अधिकार मिळाला होता तो अशा हजारो चिटणिसांकडून.