फटफटीवरची गाणी आणि 128 चा आकडा

वीकेंडला बाइक काढायची ठरलं की आमच्या ग्रुपमध्ये पेट्रोलच्या आधी गाण्यांचा विषय निघतो. 128 मध्ये भरायची, 320 मध्ये, की सरळ फ्लॅक टाकायचं? दोन पार्ट्या पडतात आणि चहा गार होतो. मला गंमत वाटते ती ही, की हे भांडण एमपीथ्रीने लावलेलं नाही. ते शंभर वर्षांहून जुनं आहे.

1902 साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. त्या काळात तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. तासभर रंगणारा राग त्यात बसवायचा कसा? बिटरेट कमी करायची सोय नव्हती, मग गवयांनी गाणंच आवरलं. आलाप आखूड, ताना लवकर, आणि तरी रागाचा चेहरा ओळखू आला पाहिजे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकून बघा, तीन मिनिटांत काय काय मावतं ते कळेल. थोडक्यात, आपल्याकडचं पहिलं कॉम्प्रेशन माणसांनी केलं, आणि फार सुंदर केलं.

चालत्या गाडीत गाणी नेणं ही पुढची डोकेदुखी. 1956 मध्ये अमेरिकेत क्रायस्लरने मोटारीत चक्क रेकॉर्ड प्लेअर बसवला, नाव 'हायवे हाय-फाय'. कल्पना पीटर गोल्डमार्कची, एलपीच्या मागेही हाच माणूस. सात इंची तबकडी मिनिटाला 16⅔ फेऱ्या इतकी सावकाश फिरवायची, म्हणजे एका बाजूवर 45 मिनिटं संगीत! पण सुईखालून दर सेकंदाला कमी खाच सरकली की वरचे, बारीक स्वर धड उमटत नाहीत. शिवाय या तबकड्या फक्त कोलंबिया काढायची, त्यामुळे निवडही मोजकीच. काही वर्षांत प्रकरण गुंडाळलं. खरा मार्ग दाखवला टेपने. फिलिप्सची कॅसेट 1963 मध्ये आली, आणि ऐंशीच्या दशकात होंडा गोल्ड विंगसारख्या अगडबंब टूरिंग बाइकवर स्टीरिओ दिसू लागले.

आता आपल्या आकड्याकडे. सीडी सेकंदाला 44,100 नमुने घेते, प्रत्येक 16 बिटांचा, दोन चॅनल. गुणाकार करा: सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट. पाच मिनिटांचं गाणं साधारण 53 एमबी. जर्मनीत एर्लांगेनचे प्राध्यापक डीटर झाइट्सर यांना संगीत टेलिफोनच्या तारेवरून पाठवायचं होतं. आयएसडीएनच्या साध्या जोडणीत 64 चे दोन चॅनल, म्हणजे 128. त्यांचे विद्यार्थी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि फ्राउनहोफर संस्थेतले सहकारी या कामाला भिडले. युक्ती अशी, की मोठ्या आवाजाच्या आड लपलेला बारीक आवाज कानाला ऐकू येतच नाही, मग तो साठवायचा कशाला? 1995 मध्ये फाइलला '.एमपी3' हे शेपूट मिळालं. तेच गाणं आता पाच एमबीच्या आत!

1998 च्या रिओ प्लेअरमध्ये मेमरी होती 32 एमबी, म्हणजे 128 ने अर्धा तास. 2001 च्या पहिल्या आयपॉडमध्ये 5 जीबी. हजार गाण्यांचा तो प्रसिद्ध हिशेब 160 चा होता. आकडे असे जागेने ठरवले, कानाने नाही.

बाइकवर मात्र सगळं गणित उलटतं. जे काम एमपीथ्री घरात करते तेच वारा हेल्मेटमध्ये फुकटात करतो :) ताशी शंभरच्या आसपास हेल्मेटमधला गोंगाट शंभर डेसिबलच्या घरात जातो, आणि त्यात खालच्या पट्टीतली घरघर जास्त. डग्ग्याची घुमक आणि हळुवार आलाप आधी बुडतात. 320 आणि 192 मधला फरक तिथे कोणी सांगितला तर मी चहा पाजीन. त्यात ब्लूटूथ गाणं पाठवताना स्वतःच पुन्हा दाबतं, त्यामुळे फ्लॅकचा रुबाब हेल्मेटपर्यंत पोचत नाही. मग आपण काय करतो? आवाज वाढवतो. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या हिशेबाने 100 डेसिबलला सुरक्षित वेळ दिवसाला 15 मिनिटं. इथे पणाला लागतात ते आपले कान, आणि त्यांचा बॅकअप नसतो. म्हणून गोंगाट थोपवणारं नीट बसणारं हेल्मेट आधी, आणि ट्रॅफिकमध्ये गाणी बंद.

म्हणून माझा हिशेब असा: बाइकसाठी 160 किंवा 192, खुशाल. पण मूळ प्रत घरी, फ्लॅकमध्येच. कारण एमपीथ्रीने एकदा टाकलेलं परत येत नाही. 128 ची फाइल 320 मध्ये बदलली तर फक्त जाडी वाढते. हार्ड डिस्क लहान होत्या त्या काळात कित्येक घरांत आजोबांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेटी 128 मध्ये उतरवल्या गेल्या आणि मग रद्दीत गेल्या. आज 64 जीबीच्या कार्डात पाच मिनिटांची दोन हजारांवर फ्लॅक गाणी मावतात, पण त्या कॅसेटी कुठून आणणार?

तुमच्या माळ्यावर अजून एखादा खोका असेल, तर पुढच्या राइडच्या आधी तो उतरवा. घाट काय, पुढच्या रविवारीही तिथेच असेल.