पाहुणा जो पैसे देऊन जायचा

जॉन वुलमन. जन्म १७२०, अमेरिकेतल्या न्यू जर्सीतला. पंथाने क्वेकर, म्हणजे पाद्री न ठेवता शांत बसून प्रार्थना करणारे ख्रिस्ती. विशीत तो माउंट हॉली गावात एका दुकानात कारकून होता. एक दिवस मालक म्हणाला, आपल्याकडची गुलाम बाई विकली, खत लिहून दे. वुलमन मनातून हादरला. पण मालकाचं काम, आणि विकत घेणाराही आपल्याच पंथाचा म्हातारा! त्याने खत लिहिलं आणि दोघांना सांगितलं, की गुलाम ठेवणं ख्रिस्ती धर्मात बसत नाही.

म्हणजे मत मांडलं आणि कामही करून दिलं. आपण नाही का, मीटिंगमध्ये 'माझा विरोध आहे' म्हणतो आणि संध्याकाळी तोच कोड रिलीज करतो... त्यातलाच प्रकार. वुलमनला ते डाचत राहिलं. पुढे असं खत लिहायला त्याने चक्क नकार दिला. गुलाम मुलांच्या नावे करणारी मृत्युपत्रंही नाही.

पण मला तो खरा आवडतो १७५७ च्या दक्षिणेकडच्या प्रवासात. मेरीलँड, व्हर्जिनियात क्वेकरांच्याच घरी मुक्काम. पाहुणचार फुकट, राबणारे मात्र गुलाम. फुकट जेवलो तर त्या गुलामीतला वाटा मीही खाल्ला, असा त्याचा हिशोब. म्हणून निघताना तो चांदीची छोटी नाणी काढायचा. कधी यजमानाकडे द्यायचा, तुमच्या गुलामांना द्या म्हणून, कधी थेट गुलामांच्या हातात. यजमानाचं तोंड कसं झालं असेल विचार करा! भाषण नाही, भांडण नाही.

पुढे त्याने साखर सोडली, कारण ती वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या कष्टाची. रंगवलेले कपडेही सोडले. बिनरंगाची हॅट घातली, तर नेमकी तेव्हा तशा हॅटची फॅशन आलेली. काहींना वाटलं, हा नटायला लागला :)

हॅटचं प्रकरण मला जरा अतीच वाटतं. नाणी पटतात, कारण त्यांनी अडचणीत आणलं ते समोरच्याला. असो.

१७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम ठेवणाऱ्यांना घरी जाऊन समजावायला माणसं नेमली, त्यात वुलमन होता. १७७२ मध्ये इंग्लंडात, यॉर्कला तो देवीने वारला. १७७६ मध्ये त्याच सभेने ठरवलं: गुलाम मोकळे करा, नाहीतर पंथाबाहेर व्हा. अख्ख्या देशाला तिथवर यायला १८६५ उजाडलं.