कन्या राशीतील सरळ रेघ

कन्या राशीत एम-८७ नावाची एक प्रचंड दीर्घिका आहे. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिस याने तिच्या केंद्रातून निघालेली एक चमत्कारिक सरळ रेघ १९१८ साली नोंदविली. ती कशाची, हे सांगावयास अडतीस वर्षे लागली. आणि किल्ली सापडली ती एका विजेच्या कंपनीत!

ही कंपनी म्हणजे अमेरिकेतील स्केनेक्टडीची जनरल इलेक्ट्रिक. विद्युत्भारित वायूला 'प्लाझ्मा' हे नाव १९२८ साली अर्व्हिंग लँगम्यूर याने दिले, तेही याच प्रयोगशाळेत. २४ एप्रिल १९४७ रोजी तेथील सिंक्रोट्रॉन यंत्रात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गरगरत होते. मधूनमधून ठिणग्या उडू लागल्या, म्हणून एका तंत्रज्ञाला काँक्रीटच्या भिंतीआडून आरशात पाहावयास सांगितले. त्याने लगेच यंत्र बंद करण्याची खूण केली. नळीत ठिणगी पेटली, असे त्याला वाटले. पण नळीत हवा शिरलेलीच नव्हती. तो उजेड खुद्द इलेक्ट्रॉनांचा होता! वळताना ते आपली शक्ती प्रकाशरूपाने उधळीत होते. इव्हानेंको व पोमेरांचुक या सोव्हिएट शास्त्रज्ञांनी हे १९४४ सालीच गणिताने दाखविले होते.

यंत्र चालविणाऱ्यांना हा निव्वळ तोटा. ज्योतिर्विदांना मात्र घबाड मिळाले. तापलेल्या लोखंडाचा प्रकाश वाटेल त्या दिशेने कंप पावतो. या प्रकाशाचे कंपन चुंबकीय क्षेत्राशी काटकोनात बांधलेले, म्हणजे 'ध्रुवित' असते. वृषभ राशीतील खेकडा तेजोमेघाचा उजेड असाच असावा, असे श्क्लोव्हस्की याने १९५३ साली मांडले, आणि पुढच्याच वर्षी त्यात ध्रुवण सापडले. १९५६ साली वॉल्टर बाडे याने पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीने कर्टिसची रेघ तपासली. तीही ध्रुवित निघाली. म्हणजे ती रेघ हा प्लाझ्मातून, चुंबकीय रेषांभोवती फिरक्या घेत धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा झोत होता.

पण येथे हिशेब जुळेना. असा प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन काही शतकांतच मंदावतात, आणि रेघ तर हजारो प्रकाशवर्षे लांब! तेव्हा वाटेतच त्यांना पुन्हा वेग मिळत असला पाहिजे. तो आघात-तरंगांनी मिळतो की चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळल्याने, हा वाद आजही मिटलेला नाही. रेघेच्या मुळाशी मात्र आता दृष्टी पोहोचली आहे. तेथील साडेसहा अब्ज सूर्यांइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या छायेचे चित्र २०१९ साली प्रसिद्ध झाले. २०२१ साली त्याच्या कडेच्या रेडिओलहरींना बाडेचीच कसोटी लावली. त्याही ध्रुवित निघाल्या. आणि तेथील चुंबकीय क्षेत्र बलवान व शिस्तीत मांडलेले असल्याचे कळले.