धूमवर्तीपासून फवाऱ्यापर्यंत

गर्भारपणातील दम्याच्या उपचारांचा इतिहास, बारकाईने पाहू जाता, एका मनाईचा इतिहास ठरतो. आभाळ भरून आले किंवा पूर्वेचा वारा सुटला की बळावणारा, रोग्यास आडवे पडू न देणारा आणि उठून बसल्यावरच किंचित उसंत देणारा तमकश्वास चरकसंहितेत इतका हुबेहूब वर्णिला आहे, की आजच्या दमेकऱ्यासही त्यात आपली रात्र ओळखता यावी. हळद, एरंडमूळ, लाख, मनशीळ, देवदार इत्यादी वाटून केलेली वर्ती तुपात माखून, पेटवून तिचा धूर ओढावा, हा इलाजही तेथेच सांगितला आहे. मात्र धूमपान कोणास वर्ज्य, त्या यादीत गर्भिणीचा समावेश आहे. काठोकाठ भरलेले तेलाचे पात्र हिंदकळू न देता न्यावे, तसे तिला जपावे, असेही हाच ग्रंथ बजावतो.

धुराची ही विद्या पुढे दर्यापार गेली. मद्रासचे डॉ. अँडरसन यांच्याकडून मिळालेली धोतऱ्याचा धूर ओढण्याची रीत १८०२ साली जनरल जेंट यांनी विलायतेस पोहोचविली आणि एकोणिसाव्या शतकात तेथे दम्याच्या विड्या सर्रास खपू लागल्या. विसाव्या शतकात कफ सुटण्यासाठी आयोडाइडचे मिश्रण देण्याचा दस्तूर होता. ते घेणाऱ्या काही मातांची बालके गलगंड घेऊनच जन्मास आली. १९६१ साली थॅलिडोमाइड या औषधाने गर्भांवर ओढवलेला अनर्थ उघडकीस आला, तेव्हा तर गर्भवतीने औषध टाळावे, हीच शहाणपणाची परमावधी वाटू लागली.

पण आईची धाप वाढून तिच्या रक्तातील प्राणवायू घटला, की वारेवाटे गर्भास मिळणारा पुरवठाही उणावतो. मग औषध थांबवून आपण नेमके कोणास जपले, हा प्रश्न वैद्यकास टाळता येईना. १९७२ च्या सुमारास स्टेरॉइडचा फवारा प्रचारात आला. तो अल्प मात्रेत थेट श्वासनलिकांत उतरतो आणि रक्तात फारच थोडा मिसळतो. अनियंत्रित दम्याचा धोका नेहमीच्या औषधांहून अधिक, असा निर्वाळा १९९३ साली अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने दिला.

श्वासावाटे औषध घेण्याची जी वाट गर्भिणीस एके काळी बंद होती, तीच अशा रीतीने तिच्यासाठी प्रशस्त झाली. तेलाच्या पात्राची चिंता मात्र तीच राहिली. ते धापेनेही हिंदकळते, एवढे उमगावयास फार काळ लागला.