सातपुड्याच्या पायथ्याचा रस्ता आणि पुराव्याचा प्रश्न

पावसाळ्यात नद्यांना उतार नसे, म्हणून मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करीत; पुढे इंग्रज अंमलदारांचे तंबूही पाऊस सरल्यावरच जिल्ह्यात फिरू लागत. खानदेशात प्रवासाचा खरा ऋतू आजही आश्विनच. कापूस फुटू लागलेला असतो आणि सातपुडा अजून हिरवा असतो. धुळ्याहून सोनगीर, शिरपूर, तेथून चोपडा, यावल आणि शेवटी पाल असा प्रवास आम्ही काही सहकाऱ्यांनी याच दिवसांत केला. हेतू जंगल पाहण्याचा होता. गाडीतली चर्चा मात्र इतिहासाच्या साधनांभोवतीच फिरत राहिली.

धुळे ते शिरपूर हा जुना मुंबई-आग्रा रस्ता. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे मुख्य ठाणे केले. हाच ब्रिग्ज पुढे फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचा इंग्रजी अनुवादक म्हणून ओळखला गेला. शतकभराने, ३१ डिसेंबर १९२६ रोजी, इतिहासाचार्य राजवाडे यांचे निधन याच गावी झाले आणि त्यांनी जमविलेल्या दफ्तरांसाठी लगेचच संशोधन मंडळ उभे राहिले. अस्सल कागदावाचून इतिहास नाही, ही शिस्त मराठी इतिहासलेखनाला राजवाड्यांनी लावली. तिचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण तापी ओलांडून शिरपूरच्या पुढे गेले की ही शिस्त अपुरी पडू लागते.

शिरपूरहून उत्तरेला पळासनेर, आणि पुढे सेंधव्याचा घाट. या घाटाची राखण कंपनीने खाज्या नाईकाकडे सोपविली होती. १८५७ मध्ये तोच उलटला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला भिल्लांची इंग्रज फौजेशी लढाई झाली. खाज्याविषयी जे लेखी सापडते ते बहुतांशी त्याचा पाठलाग करणाऱ्यांनी लिहिलेले आहे. जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये उभारलेल्या भिल्ल पलटणीचीही हीच गत: अधिकाऱ्याचे चरित्र उपलब्ध, शिपायाचे नाही. या पलटणीचे ठाणे धरणगावला होते. बालकवींचे जन्मगाव म्हणून धरणगाव आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. पलटणीचे धरणगाव आमच्या टिपणांत कधी आलेच नाही.

शिरपूरहून चोपड्याकडे वळल्यावर उजवीकडे तापीकाठची काळी जमीन लागते, यावलच्या बाजूला केळीच केळी. डावीकडे सातपुडा. या डोंगरातला खास वृक्ष अंजन: जोडपानांचा, आतले लाकूड गडद तांबूस आणि असे कठीण की कुऱ्हाडीची परीक्षा व्हावी. त्याचा पाला गुरांना चालतो. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलाच्या हद्दी आखण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्या हद्दींच्या आत पिढ्यान् पिढ्या शेती करणारा, गुरे चारणारा माणूस कागदोपत्री अतिक्रमणदार ठरला.

इथेच इतिहासाचा प्रश्न पोटापाण्याचा होतो. २००६ च्या वन हक्क कायद्यानुसार आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा जमिनीचा ताबा दाखवावा लागतो. त्यासाठी एकाहून अधिक पुरावे हवेत. पण १ जानेवारी २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी त्या पुराव्यांत गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी उतरविलेले कथनही धरले आहे. बांध, विहीर, स्मशान, देवस्थान यांनाही साक्षीचा मान आहे. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी मौखिक साधनांवर परिसंवाद घ्यावेत आणि निर्णय मात्र राजपत्राने द्यावा, याची आम्हांला थोडी गंमत वाटते.

तरीही अडचण उरतेच. पालच्या परिसरातल्या पाड्यांवरचा म्हातारा पावरीत किंवा भिलीत बोलतो; कागदावर उतरते ती कचेरीची मराठी. कोणत्या नाल्याकाठी आजोबाने पहिली नांगरट केली, कोणत्या दुष्काळात कोण परतले, हे सांगताना तो सन सांगत नाही, घटना सांगतो. लिहून घेणाऱ्याला हवा असतो सन. भाषांतर शिकविणाऱ्या आम्हा मंडळींचे काम खरे तर इथे, या दोघांच्या मधल्या जागेत आहे; आणि तिथे आज बसलेला असतो तो बहुधा गावातला दहावी झालेला एखादा मुलगा, गुडघ्यावर वही टेकवून.