चांदी, खाणीतला जिवाणू आणि पुण्यातील बुरशी

१/ चांदी जंतूंना मारते. तरीही चांदीच्या खाणीत जिवंत जंतू सापडले. या विसंगतीचा माग घेता घेता जंतूंकडूनच जंतुनाशक घडवून घेण्याची विद्या विज्ञानाच्या हाती आली. तिचा हा संक्षिप्त इतिहास.

२/ १८८० च्या सुमारास लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी नवजात अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या २ टक्के द्रावणाचा थेंब घालण्यास प्रारंभ केला. जन्मवेळी जडणाऱ्या ज्या संसर्गाने बालके अंध होत, त्याचे प्रमाण त्यांच्या रुग्णालयात सुमारे १० टक्क्यांवरून १ टक्क्याच्याही खाली आले.

३/ यामागील कारण असे : चांदीचे आयन पेशीतील गंधकयुक्त प्रथिनांना चिकटतात आणि त्यांचे कार्य बंद पाडतात. पुढे १९६० च्या दशकात भाजलेल्या जखमांवरही चांदीचे क्षार वापरले जाऊ लागले.

४/ परंतु १९७५ साली बॉस्टनमधून चिंताजनक वृत्त आले. भाजलेल्या रुग्णांच्या विभागात सिल्व्हर नायट्रेटलाही न जुमानणारा साल्मोनेला जिवाणू आढळला होता.

५/ १९८४ साली दुसरा पुरावा पुढे आला. चांदीच्या खाणीतून वेगळ्या केलेल्या स्यूडोमोनास स्टुट्झेरी या जिवाणूत चांदी सोसण्याची क्षमता होती आणि तिची सूत्रे प्लास्मिड नामक छोट्या डीएनए-वलयात होती.

६/ १९९९ साली स्वीडनमधील उप्साला येथे टान्या क्लाउस आणि सहकाऱ्यांनी हाच जिवाणू सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात वाढवला. पेशीच्या आवरणालगत त्यांना चांदीचे स्फटिक दिसले : काही त्रिकोणी, काही षट्कोनी, २०० नॅनोमीटरपर्यंतचे. (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.)

७/ या प्रक्रियेचे मर्म क्षपणात आहे. सूक्ष्मजीव चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतो. विरघळलेले विष घन धातूचा कण होऊन बसते. मात्र कण इतका सूक्ष्म असतो की त्याच्या विस्तृत पृष्ठभागावरून आयन हळूहळू पुन्हा सुटत राहतात. म्हणूनच एका सूक्ष्मजीवाने घडवलेला कण दुसऱ्याचा काळ ठरू शकतो.

८/ येथे पुण्याचा प्रवेश होतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सास्त्री, अबसार अहमद आणि सहकाऱ्यांनी व्हर्टिसिलियम बुरशीला हे काम करायला लावले. २००१ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार कण पेशीभित्तीखाली तयार झाले आणि त्यानंतरही बुरशी वाढतच राहिली.

९/ पण पेशीच्या आत अडकलेले कण बाहेर काढायचे कसे? याच गटाने २००३ मध्ये फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीकडून ५ ते १५ नॅनोमीटरचे चांदीचे कण थेट पेशीबाहेरील द्रावणात मिळवले. पेशी फोडण्याची गरज उरली नाही. तीव्र रसायनांवाचून नॅनोकण करण्याची ही वाट पुढे जगभरातील प्रयोगशाळांनी चोखाळली.

१०/ २००७ साली ब्राझीलमध्ये नेल्सन दुरान यांच्या गटाने याच बुरशीने घडवलेले कण सुती कापडात बसवले. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जखमा चिघळवणाऱ्या जिवाणूवर ते कापड परिणामकारक ठरले.

११/ मग प्रश्न सुटला का? १९९९ सालीच सायमन सिल्व्हर (योगायोगाने आडनावही चांदीचेच!) यांच्या गटाने त्या साल्मोनेलाची जनुके उलगडली होती. चांदीला धरून ठेवणारी आणि पेशीबाहेर उपसून टाकणारी प्रथिने ती जनुके घडवतात.

१२/ २०१८ साली चेक संशोधकांनी दाखवले की, वारंवार सामना झाल्यास जिवाणू नॅनोकणांनाही निष्प्रभ करतात. ते फ्लॅजेलिन हे प्रथिन अधिक प्रमाणात बनवतात. त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि त्यांची धार जाते.

१३/ ज्या प्रतिकारशक्तीने आपल्याला हे शस्त्र दिले, तीच ते बोथट करू शकते. आज मोज्यांपासून डब्यांपर्यंत सर्वत्र 'नॅनो सिल्व्हर' मिरवले जाते. भाजलेल्या रुग्णाच्या जखमेसाठी ही चांदी राखून ठेवायची की मोज्यांच्या दुर्गंधीसाठी खर्चायची, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागेल.