रात्री जेवण टाळलं, तरी सकाळची साखर जास्त कशी?

रात्री नुसतं दूध पिऊन झोपलं, तरी सकाळी उपाशीपोटी साखर 112 येते. मग मशीनवर संशय घेतला जातो. पण मशीन बरोबर असू शकते. झोपेत शरीराला लागणारी साखर यकृत, म्हणजे लिव्हर, रक्तात सोडत असते. ‘आता पुरे’ हा निरोप त्याला इन्सुलिन देते. यकृतात चरबी साठली की हा निरोप नीट पोचत नाही, आणि साखर सुटतच राहते.

उपाशीपोटी 100 ते 125 किंवा एचबीए1सी 5.7 ते 6.4 टक्के आली, तर तो प्रीडायबेटिस. मधुमेह अजून घरात शिरलेला नाही, उंबऱ्यावर आहे. फॅटी लिव्हर सहसा दुखत नाही. काहींना थकवा येतो, उजव्या बरगडीखाली जड वाटतं. बहुतेकांना काहीच कळत नाही. दारूला कधी न शिवलेल्या माळकऱ्यालाही हे होतं.

कमरेला टेप लावून पाहा. पुरुषाची 90, बाईची 80 सेंटीमीटरच्या वर असेल तर तपासणी करून घ्यावी. जाड माणसाने वजन शंभराला सात ते दहा या हिशेबाने उतरवलं, म्हणजे 80 किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो, तर यकृतातली चरबी बरीच कमी होते. दिवसाचे पाच-सहा गोड चहा आधी तोडावेत. गुळाचा चहाही त्यातच आला! ‘लिव्हर साफ’ करणाऱ्या पावडरी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, काहींनी यकृतालाच इजा होते.

तिशी ओलांडलेल्यांची साखर सरकारी उपकेंद्रात मोफत तपासतात.